रेल्समध्ये तारखेचा फिल्टर: क्रिएटेड_ॲट, अपडेटेड_ॲट आणि हरवणारा शेवटचा दिवस

पानगळ

नमस्कार मंडळी. रेल्स ७.१ (रुबी भाषेतली वेब ॲप बांधायची चौकट) आणि पोस्टग्रेस डेटाबेसवर चालणाऱ्या एका ॲपमध्ये ऑर्डरच्या यादीला तारखेचा फिल्टर द्यायचा आहे. वापरणाऱ्याने "पासून" आणि "पर्यंत" अशा दोन तारखा निवडायच्या. शेजारी दोन पर्याय: नव्याने आलेल्या ऑर्डर, म्हणजे क्रिएटेड_ॲट, किंवा बदल झालेल्या ऑर्डर, म्हणजे अपडेटेड_ॲट. (हे दोन्ही वेळेचे कॉलम रेल्स आपणहून भरतं.)

आत्ताचा कोड साधा आहे. दोन्ही तारखांना डेट.पार्स लावायचं आणि सरळ ऑर्डर.व्हेअर(क्रिएटेड_ॲट: पासून..पर्यंत). यातून तीन प्रकार दिसताहेत. १ ते ३१ निवडलं तर ३१ तारखेच्या ऑर्डर येतच नाहीत. मध्यरात्र उलटल्यावर लगेच आलेल्या ऑर्डर आदल्या दिवसात धरल्या जातात. आणि "बदल झालेल्या" यादीत कुणी हातही न लावलेल्या ऑर्डर दिसतात, तर रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबने ज्यांचं स्टेटस बदललं त्या गायब असतात.

हाच फिल्टर पुढे पावत्या, तक्रारी, सगळीकडे लागणार आहे, म्हणून एकदाच भक्कम बांधायचा आहे. तुमच्याकडे हे कसं लिहितात?

रातकिडा

क्रिएटेड_ॲट: डेट.करंट.ऑल_मंथ. महिना खिशात!

मध्यमपदलोपी

@रातकिडा, त्यांना वापरणाऱ्याने निवडलेल्या तारखा हव्यात, चालू महिना नव्हे. शिवाय तुम्ही दिलेल्या ओळीत नेमका तोच बग आहे. डेटवर ऑल_मंथ लावलं की तारखांचीच रेंज मिळते, १ तारीख ते ३१ तारीख. टाइम.करंट.ऑल_मंथ लावलं तर वेळांची रेंज मिळते, पहिल्या दिवसाच्या सुरुवातीपासून शेवटच्या दिवसाच्या अखेरीपर्यंत. गंमत म्हणजे ऑल_डे मात्र डेटवर लावलं तरी वेळांचीच रेंज देतं. त्यामुळे एका दिवसाच्या फिल्टरला सगळं बरोबर दिसतं आणि महिन्याला घोळ होतो.

@पानगळ, तुमचे पहिले दोन प्रश्न एकाच मुळातून आलेत. क्रिएटेड_ॲट हा टाइमस्टॅम्प, म्हणजे तारीख आणि वेळ दोन्ही साठवणारा कॉलम आहे, त्याला तुम्ही नुसती तारीख देताय. तारखेला ना वेळ असते ना झोन. डेटाबेस तिला त्या दिवसाची मध्यरात्र समजतो. "३१ पर्यंत" याचा अर्थ होतो "३१ तारीख सुरू होण्याच्या क्षणापर्यंत". मग ३१ चा अख्खा दिवस बाहेर. आणि रेल्स साठवताना वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवतं, त्यामुळे ही मध्यरात्रही यूटीसीची. तुमचे वापरकर्ते यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असतील, तर त्यांच्या दिवसाचे पहिले साडेपाच तास आदल्या दिवसात पडणारच.

तिसरा प्रश्न पूर्ण वेगळा आहे, त्यावर सवडीने लिहितो.

काजवा

पर्यंत.एंड_ऑफ_डे करा आणि पासून.बिगिनिंग_ऑफ_डे. मी कायम असंच लिहितो, कधी अडचण आली नाही.

सुतारपक्षी

@काजवा, चालतं, पण मी तीन टिंबांच्या बाजूचा. शेवट म्हणून पुढच्या दिवसाची सुरुवात घ्यायची आणि ती रेंजमधून वगळायची:

व्हेअर(क्रिएटेड_ॲट: पासून.इन_टाइम_झोन...पर्यंत.नेक्स्ट_डे.इन_टाइम_झोन)

दोन टिंबं दिली की रेल्स बिटवीन बनवतं, ज्यात दोन्ही टोकं धरली जातात. तीन टिंबं दिली की "मोठं किंवा समान" आणि "लहान" अशी जोडी बनते. हवी आहे ती हीच जोडी. एका महिन्याचा शेवट हाच पुढच्या महिन्याचा आरंभ असतो. मध्ये फट नाही, दोन महिन्यांत एकच ऑर्डर दोनदा मोजली जात नाही.

इन_टाइम_झोन हे डेटला टाइम.झोनमधल्या त्या दिवसाच्या आरंभावर नेऊन ठेवतं, म्हणून मध्यरात्र वापरणाऱ्याची होते, यूटीसीची राहत नाही.

काजवा

पण एंड_ऑफ_डे नक्की चुकतं कुठे? ते २३:५९:५९ वर थांबत नाही, पुढे नऊ नऊ लावून नॅनोसेकंदापर्यंत जातं. पोस्टग्रेस मायक्रोसेकंदापर्यंतच साठवतं. मग मध्ये कुठली ऑर्डर सटकणार? उगाच पुढच्या दिवसाची तारीख क्वेरीत दिसली की लॉग वाचणारा गोंधळतो. ३१ चा अहवाल आणि क्वेरीत १ तारीख.

सुतारपक्षी

पोस्टग्रेसवर, रेल्समधूनच विचारलं, तर काही सटकत नाही, हे मान्य. माझा आक्षेप असा, की ते बरोबर येण्यासाठी कॉलम किती बारीक वेळ साठवतो हे तुम्हाला ठाऊक असावं लागतं. रेल्स ७.० पासून नवा डेटटाइम कॉलम डिफॉल्टने सहा अंकी प्रिसिजनचा, म्हणजे मायक्रोसेकंदापर्यंतचा, होतो, जुन्या मायग्रेशनमधले (टेबलाची रचना बदलणाऱ्या फाइलींमधले) तसे नसतात. मायएसक्यूएलमध्ये अपूर्णांकाशिवायच्या डेटटाइम कॉलममध्ये २३:५९:५९.९९९९९९ साठवायला गेलात तर ते कापलं जात नाही, पूर्णांकात जवळच्या सेकंदाला नेलं जातं, म्हणजे थेट पुढचा दिवस. "मुदत संपण्याची वेळ" एंड_ऑफ_डे म्हणून साठवणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

आणि उद्या कुणीतरी तोच अहवाल हाताने एसक्यूएल लिहून काढेल तेव्हा तो २३:५९:५९ च लिहील. पोस्टग्रेसमध्ये शेवटच्या सेकंदातल्या ऑर्डर तिथे सुटतात. तीन टिंबांच्या पद्धतीत हा प्रश्न उद्भवतच नाही.

टिटवी

एका टिंबावरून एवढी चर्चा होते म्हणून मला हा ग्रुप आवडतो :) मी सुतारपक्षींच्या बाजूने.

अबोली_२

एक बारीकशी भर. आधी तारखेत एक दिवस मिळवा, मग झोनमध्ये न्या. उलट करून, झोनमधल्या वेळेत २४.अवर्स मिळवू नका. जिथे घड्याळं उन्हाळ्यात पुढे-मागे होतात तिथे वर्षातला एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा असतो. रेल्समधली ॲक्टिव्ह सपोर्ट लायब्ररी १.डे आणि २४.अवर्स यांत फरक करतं: १.डे दिवस पुढे नेतं, २४.अवर्स तास मोजतं. वरच्या ओळीत सुतारपक्षींनी नेक्स्ट_डे आधी लावलाय, तो क्रम तसाच ठेवा.

आणि जिथे जिथे टाइम.नाऊ किंवा डेट.टुडे दिसेल तिथे टाइम.करंट आणि डेट.करंट करा. पहिले दोन सर्व्हरच्या मशीनचा झोन बघतात, दुसरे दोन रेल्सचा. डेव्हलपरच्या मशीनवर दोन्ही सारखे असतात, सर्व्हर यूटीसीवर असतो, आणि मग "माझ्याकडे तर चालतंय" सुरू होतं.

नवखा_गडी

प्रश्न विचारू का? ॲप्लिकेशन कॉन्फिगमध्ये टाइम_झोन बदलला तर आधीच्या सगळ्या रेकॉर्डच्या वेळा बदलतील का? आमच्याकडे कुणी त्याला हात लावायला धजत नाही.

अबोली_२

नाही रे. ती सेटिंग वाचताना आणि दाखवताना कुठला झोन धरायचा ते ठरवते. साठवण यूटीसीतच राहते. साठवण्याची सेटिंग वेगळी, ॲक्टिव्ह रेकॉर्डची (रेल्सच्या डेटाबेसशी बोलणाऱ्या भागाची) डिफॉल्ट_टाइमझोन. ती फक्त यूटीसी किंवा लोकल असू शकते, आणि तिला मात्र चालू ॲपमध्ये खरंच हात लावू नकोस. आधी साठवलेल्या वेळा जागच्या जागी राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो.

वापरणारे वेगवेगळ्या झोनमधले असतील तर कंट्रोलरमध्ये अराउंड_ॲक्शन लावून टाइम.यूज_झोन करायचं. ॲक्टिव्ह जॉबमधून रांगेत टाकलेल्या बॅकग्राउंड जॉबला रेल्स ६.० पासून तो झोन सोबत मिळतो, पण वेळापत्रकाने सुटणाऱ्या किंवा ॲक्टिव्ह जॉब न वापरणाऱ्या जॉबला तो आर्ग्युमेंटमधून द्यावा लागतो. अहवाल अशा जॉबमधून ईमेल होत असेल तर पडद्यावरचे आकडे आणि ईमेलमधले आकडे इथेच वेगळे पडतात.

वाटसरू

व्हेअर("डेट(क्रिएटेड_ॲट) बिटवीन ? अँड ?", पासून, पर्यंत) असं का नाही करत कुणी? तारखेची तुलना तारखेशी. सरळ आहे.

मध्यमपदलोपी

@वाटसरू, वाचायला सरळ आहे, पण दोन अडचणी. एक, डेट() यूटीसीची तारीख काढतं, म्हणजे पानगळताईंचा दुसरा प्रश्न तसाच राहतो. दोन, कॉलमवर फंक्शन लावलं की क्रिएटेड_ॲटवरचा साधा इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) उपयोगाचा राहत नाही. प्रत्येक ओळ काढून, तिची तारीख करून, मग तुलना. छोट्या टेबलात कळत नाही, लाखो ओळी झाल्या की पान उघडायला वेळ लागतो. एक्सप्रेशनवर इंडेक्स करता येतो, पण कॉलम मोकळा ठेवून रेंज देणं जमत असताना ते कशाला? क्वेरीला .एक्सप्लेन लावून बघा, इंडेक्स स्कॅन आहे की सीक्वेन्शियल ते लगेच दिसतं.

स्ट्रिंगमध्ये लिहिण्याचा आणखी एक तोटा: कस्टमर टेबलाशी जॉइन केला की नुसतं क्रिएटेड_ॲट कुणाचं हे डेटाबेसला कळत नाही, "ॲम्बिग्युअस कॉलम" म्हणून क्वेरी आपटते. हॅश देऊन लिहिलं की रेल्स टेबलाचं नाव आपणहून लावतं.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा.

अपडेटेड_ॲट म्हणजे "माणसाने केलेला बदल" नाही आणि "ओळीत झालेला प्रत्येक बदल" तर अजिबातच नाही. रेल्सच्या सेव्हच्या वाटेने गेलेल्या बदलाची ती खूण आहे. ती वाट सोडली की खूण पडत नाही. अपडेट_ऑल, अपडेट_कॉलम, अपडेट_कॉलम्स आणि हाताने चालवलेलं एसक्यूएल, यांपैकी कुणीही अपडेटेड_ॲटला आपणहून शिवत नाही. काउंटर कॅशचा, म्हणजे ओळीतच जपलेल्या मोजणीचा, आकडा वाढला तरी नाही. तुमचा रात्रीचा जॉब बहुधा अपडेट_ऑल(स्टेटस: ...) करत असणार. म्हणून त्या ऑर्डर यादीत नाहीत. तिथे अपडेट_ऑल(स्टेटस: ..., अपडेटेड_ॲट: टाइम.करंट) असं लिहावं लागतं. अपसर्ट_ऑल (ओळ असेल तर बदला, नसेल तर नवी घाला) रेल्स ६ मध्ये आलं तेव्हा त्याचंही हेच होतं, रेल्स ७ पासून ते वेळा स्वतः भरतं.

उलट दिशेने, बिलाँग्ज_टू ला (टेबलांमधलं नातं सांगणाऱ्या ओळीला) टच: ट्रू दिलं असेल तर ऑर्डरखालची एखादी टीप बदलली तरी ऑर्डरचं अपडेटेड_ॲट पुढे सरकतं. ऑर्डरला कुणी हात लावलेला नसतो. हे कॅशसाठी हवंच असतं, व्ह्यूचा कॅश अपडेटेड_ॲटवरूनच ओळखतो की आपण शिळे झालो. पण माणसाला दाखवायच्या यादीत त्याचा अर्थ लागत नाही. आणि एखाद्याने फॉर्म उघडून काही न बदलता सेव्ह दाबलं, तर अपडेटेड_ॲट जागचं हलत नाही.

म्हणून माझं ठाम मत: वापरणाऱ्याला जे विचारायचंय त्याच्यासाठी वेगळा कॉलम करा. स्टेटस कधी बदललं हे हवंय? स्टेटस_चेंज्ड_ॲट. ऑर्डर कधी नोंदवली गेली? प्लेस्ड_ॲट. क्रिएटेड_ॲट आणि अपडेटेड_ॲट हे ओळीचे जन्म आणि हालचाल सांगतात, व्यवहाराचे नाही.

काजवा

अपडेटेड_ॲटबद्दल पटलं. पण क्रिएटेड_ॲट वेगळं कशाला? ऑर्डर आली तेव्हाच ओळ तयार होते.

उंबरठा

@काजवा, होत नाही नेहमी. जुन्या सिस्टिममधून डेटा आणला की सगळ्या जुन्या ऑर्डर आयातीच्या दिवशी जन्मलेल्या दिसतात. क्रिएटेड_ॲट आधीच भरलेलं असेल तर रेल्स त्याला हात लावत नाही, म्हणजे आयातीत खरी तारीख देता येते, पण मग ओळ डेटाबेसमध्ये कधी आली ही माहिती जाते. दोन्ही हवं तर दोन कॉलम लागतात. शिवाय मसुदा म्हणून आधी सेव्ह होणाऱ्या ऑर्डर असतात, त्यांचा जन्म एक दिवस आणि नोंदणी दुसऱ्या दिवशी.

मध्यमपदलोपींचं म्हणणं मी प्रत्येक नव्या टेबलाच्या वेळी सांगत असतो.

रातकिडा

मग "कधीच न बदललेल्या ऑर्डर" काढण्यासाठी अपडेटेड_ॲट = क्रिएटेड_ॲट करतात तेही धोक्याचं का?

मध्यमपदलोपी

नवीन रेकॉर्ड सेव्ह होताना रेल्स दोन्ही कॉलमांत एकच वेळ भरतं, त्यामुळे सुरुवातीला ते तंतोतंत सारखे असतात. पण वर सांगितलेल्या टच आणि अपडेट_ऑलमुळे त्यावर भिस्त ठेवता येत नाही. अंदाज घ्यायला ठीक आहे.

टिटवी

रेल्सबाहेर रुबी वापरणाऱ्यांसाठी: सीक्वेल या डेटाबेस लायब्ररीत टाइमस्टॅम्प्स प्लगइन लावलं तर डिफॉल्टने नवीन ओळीत फक्त क्रिएटेड_ॲट भरलं जातं, अपडेटेड_ॲट नल राहतं. अपडेट_ऑन_क्रिएट: ट्रू द्यावं लागतं. न दिल्यास अपडेटेड_ॲटच्या फिल्टरमध्ये एकदाही न बदललेल्या ओळी येतच नाहीत, कारण नलशी कुठलीही तुलना खरी ठरत नाही. काही जणांना हेच हवं असतं, "बदललेल्या" म्हणजे खरोखर बदललेल्या. पण रेल्समधून आलेल्याला ते आठवत नाही. झोनचंही तसंच, सीक्वेल.डिफॉल्ट_टाइमझोन स्वतः यूटीसी करून घ्यावं.

रेंज देण्याची पद्धत मात्र सारखीच आहे, दोन आणि तीन टिंबांचा अर्थही तोच.

शून्यप्रहर

विषयाला जोडूनच. आमच्याकडे हा फिल्टर माणूस वापरत नाही, दुसरी सिस्टिम वापरते: "मागच्या वेळेनंतर जे बदललं ते द्या". अपडेटेड_ॲट > मागची_वेळ. अधूनमधून एखादं रेकॉर्ड कायमचं राहून जातं. झोन, टिंबं, सगळं तपासलं. कुणी पाहिलंय का?

उंबरठा

@शून्यप्रहर, हो, आणि याचं कारण क्वेरीत शोधून सापडत नाही. अपडेटेड_ॲटची वेळ सेव्ह करताना ठरते, पण दुसऱ्याला ती ओळ दिसते ट्रान्झॅक्शन (एकत्र लागू होणाऱ्या बदलांचा गट) कमिट, म्हणजे पक्कं, झाल्यावर. समजा एक लांबलचक ट्रान्झॅक्शन १०:००:०० ला ऑर्डर सेव्ह करतं आणि १०:००:२० ला कमिट होतं. मधल्या १०:००:१० ला तुमचं सिंक धावलं. त्याला ती ऑर्डर दिसली नाही, पण दुसरी एखादी १०:००:०५ ची दिसली आणि त्याने खूणगाठ १०:००:०५ वर बांधली. पुढच्या फेरीत तो १०:००:०५ च्या पुढचं मागतो. १०:००:०० ची ऑर्डर त्याच्या मागे पडली, पुन्हा बदलेपर्यंत ती येणार नाही.

उपाय म्हणून प्रत्येक वेळी थोडं मागे जाऊन घ्यायचं, तुमच्या सगळ्यात लांब ट्रान्झॅक्शनपेक्षा जास्त मागे. काही रेकॉर्ड पुन्हा येतील, म्हणून घेणाऱ्या बाजूने आयडीवरून अपसर्ट करायचं, तेच रेकॉर्ड दोनदा आलं तरी बिघडू नये.

दुसरं, पान-पान करून घेत असाल तर एकाच क्षणाच्या अनेक ओळी पानाच्या सीमेवर तुटतात. अपडेट_ऑलने एकदम हजार ओळींना एकच वेळ दिलेली असते. म्हणून क्रम अपडेटेड_ॲट आणि आयडी अशा दोघांचा, आणि पुढचं पान मागतानाही दोन्ही द्यायचे.

आणि डिलीट झालेली ओळ कुठल्याच अपडेटेड_ॲटमध्ये येत नाही. ती कळवायची असेल तर डिलीटेड_ॲटची खूण ठेवून ओळ राहू द्यावी लागते किंवा डिलीटची वेगळी नोंद ठेवावी लागते.

शून्यप्रहर

खूप आभार! आमच्याकडे आयातीचं ट्रान्झॅक्शन चांगलं मिनिटभर उघडं असतं. पेच तिथेच आहे.

नवखा_गडी

वापरणाऱ्याने फक्त "पासून" भरलं, "पर्यंत" रिकामं ठेवलं तर? चार इफ लिहायचे का?

सुतारपक्षी

गरज नाही. रुबी २.६ पासून शेवट नसलेली रेंज आहे आणि २.७ पासून सुरुवात नसलेली. रेंजच्या एका टोकाला निल दिलं तर रेल्स त्या बाजूची अट सोडून देतं. फक्त पर्यंत दिलं तर नुसतं "लहान", फक्त पासून दिलं तर "मोठं किंवा समान". हे रेंज देऊन लिहिण्याचं आणखी एक सुख.

अबोली_२

थांबा, इथे एक धोक्याची पाटी लावूनच पुढे जा. दोन्ही टोकं निल असतील तर अट उरतच नाही, सगळं टेबल येतं. यादीसाठी ते बरोबर आहे. पण हाच स्कोप (नाव देऊन ठेवलेली क्वेरी) पुढे डिलीट_ऑलला जोडला, आणि टाइम.झोन.पार्स रिकाम्या स्ट्रिंगवर गुपचूप निल देतं, तर काय होईल याचा विचार करा. डिलीट करणाऱ्या कोडमध्ये दोन्ही टोकं आहेत हे आधी तपासायचंच, नसतील तर एरर फेकायची.

आणि तारखा उलट्या भरल्या, म्हणजे पासून ही पर्यंतच्या नंतरची, तर एरर येत नाही, यादी रिकामी येते. वापरणाऱ्याला वाटतं ऑर्डरच नाहीत. फॉर्मवर व्हॅलिडेशन हवं.

पार्स करायला डेट.पार्स नको, डेट.आयएसओ८६०१ घ्या. डेट.पार्स फार उदार आहे, नुसत्या वाराच्या नावालाही ते तारीख करून देतं. ब्राउझरचं तारखेचं इनपुट वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने पाठवतं, त्यामुळे कडक पार्सर अडत नाही.

वाटसरू

हे सगळं रॅन्सॅक या शोध-फिल्टरच्या लायब्ररीवर सोडून मोकळं होता येत नाही का? क्रिएटेड_ॲट_जीटीईक्यू, क्रिएटेड_ॲट_एलटीईक्यू.

टिटवी

येतं, पण एलटीईक्यूला नुसती तारीख दिली की शेवटचा दिवस पुन्हा हरवतो. पॅरामीटर रॅन्सॅककडे जाण्याआधी पुढचा दिवस करून क्रिएटेड_ॲट_एलटीला द्यावा लागतो. आणि रॅन्सॅक ४ पासून कुठल्या कॉलमवर शोधता येईल ते मॉडेलमध्ये रॅन्सॅकेबल_ॲट्रिब्यूट्समध्ये लिहून द्यावं लागतं.

पानगळ

किती मोलाचं मिळालं इथे! रात्रीच्या जॉबमध्ये अपडेट_ऑलच निघालं, मध्यमपदलोपींचा अंदाज अचूक.

आता एक कन्सर्न (अनेक मॉडेलांत वापरता येणारं रेल्सचं मॉड्यूल) करते: तारखा डेट.आयएसओ८६०१ने, रेंज तीन टिंबांची, इन_टाइम_झोन लावून, आणि कॉलमचं नाव आर्ग्युमेंट म्हणून, पण परवानगी असलेल्या यादीतलंच. "बदल झालेल्या"ऐवजी "स्टेटस बदललेल्या" असा पर्याय देऊन स्टेटस_चेंज्ड_ॲट हा नवा कॉलम.

दोन शंका उरल्या. याच्या टेस्ट कशा लिहिता? आणि इंडेक्स कुठल्या कुठल्या कॉलमवर टाकू? यादी नेहमी एका दुकानदाराच्या खात्यापुरती असते.

काजवा

टेस्टचं मी सांगतो. सीमेवरचे रेकॉर्ड मुद्दाम तयार करा: पहिल्या दिवसाच्या आरंभाचा क्षण, त्याच्या एक मायक्रोसेकंद आधीचा, शेवटच्या दिवसाचा शेवटचा मायक्रोसेकंद आणि पुढच्या दिवसाचा आरंभ. पहिला आणि तिसरा यायला हवेत, दुसरा आणि चौथा नाही. टेस्टमध्ये टाइम.झोन यूटीसी ठेवू नका, नाहीतर झोनची चूक पकडलीच जाणार नाही. यूटीसीच्या पुढचा एक आणि मागचा एक, अशा दोन्ही झोनमध्ये चालवा.

वेळ गोठवायला फ्रीझ_टाइम आणि ट्रॅव्हल_टू आहेतच. न गोठवता टाइम.करंटची तुलना रीलोड केलेल्या क्रिएटेड_ॲटशी केली तर रुबीचे नॅनोसेकंद आणि डेटाबेसचे मायक्रोसेकंद जुळत नाहीत, टेस्ट कधी पास कधी फेल.

आणि हो, नव्या फिल्टरसाठी मी आता तीन टिंबंच वापरणार. शेजारच्या महिन्यांची फट-ओव्हरलॅपची गोष्ट पटली.

उंबरठा

इंडेक्स: खाते_आयडी आणि क्रिएटेड_ॲट मिळून एक, याच क्रमाने. समानतेची अट आधी, रेंजची नंतर. मग डेटाबेस त्या खात्याच्या सलग पट्ट्यातच फिरतो. उलट क्रम लावला तर त्या तारखांमधल्या सगळ्या खात्यांच्या नोंदी चाळाव्या लागतात. चालू टेबलावर टाकताना अल्गोरिदम: कॉन्करंटली द्या आणि मायग्रेशनमध्ये डिसेबल_डीडीएल_ट्रान्झॅक्शन! लिहा, म्हणजे इंडेक्स होईपर्यंत लिहिणं अडून राहत नाही.

स्टेटस_चेंज्ड_ॲटलाही तसाच, खाते_आयडीसोबत.

अपडेटेड_ॲटवर मात्र सिंकसारखी खरी गरज नसेल तर टाकू नका. पोस्टग्रेसमध्ये ८.३ पासून हॉट अपडेट नावाची सोय आहे: बदललेल्या कॉलमांपैकी एकही इंडेक्समध्ये नसेल आणि पानावर जागा असेल, तर ओळीची नवी आवृत्ती त्याच पानावर बसते आणि इंडेक्सना हात लावावा लागत नाही. अपडेटेड_ॲट तर प्रत्येक सेव्हला बदलतं. त्यावर इंडेक्स टाकला की त्या टेबलावर ही सोय जवळजवळ संपते आणि प्रत्येक अपडेटला सगळ्या इंडेक्समध्ये नवी नोंद पडते.

फक्त भर पडत जाणारं मोठं टेबल असेल, लॉगसारखं, तर क्रिएटेड_ॲटवर ब्रिन इंडेक्स बघा. पोस्टग्रेस ९.५ पासून आहे, अगदी छोटा असतो, कारण तो पानांच्या गटामागे फक्त किमान आणि कमाल वेळ ठेवतो. ओळी वेळेच्या क्रमाने पडत असतील तरच उपयोगी.

पानगळ

अपडेटेड_ॲटवरचा इंडेक्स मग काढतेच, सिंक नाहीये आमच्याकडे. शेवटचं एक: स्टेटस_चेंज्ड_ॲट जुन्या ऑर्डरमध्ये काय भरू? अपडेटेड_ॲट कॉपी करू का?

मध्यमपदलोपी

करू नका. ती वेळ स्टेटसची नाही, आणि एकदा कॉपी झाली की खरी कुठली आणि भरलेली कुठली हे कुणाला ओळखता येणार नाही. बदलांचा लॉग ठेवत असाल तर त्यातून भरा. नसेल तर नल राहू द्या आणि फिल्टरखाली "अमुक तारखेनंतरचे बदल" असं स्पष्ट लिहा. नव्या ऑर्डरसाठी बिफोर_सेव्हमध्ये, स्टेटस बदलणार असेल तरच, टाइम.करंट भरा. आणि रात्रीच्या जॉबच्या अपडेट_ऑलमध्ये हा कॉलमही हाताने लिहा, तिथे बिफोर_सेव्हसारखे कॉलबॅक चालत नाहीत.